डावीकडच्या दहा लाथा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — ते मलाही नीटसं कळत नाही.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. आम्ही चारकोपला नुकतेच राहायला आलो होतो. लग्नाला नऊ वर्षं झालेली, आणि मला दिवस राहिले. तेही जुळं! बोरिवलीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन ठिपके दाखवले — धडधडणारे. माझ्या एका देहात तीन काळजं! मी त्या पडद्यालाच हात जोडले.

पुढे मात्र सगळं बिनसलं. रक्तदाब चढला, पाय सुजले, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. डावीकडचं बाळ नीट वाढत नव्हतं. बाईंनी पडून राहायला बजावलं आणि एक वही करायला सांगितली — दिवसभरात उजवीकडे लाथा किती, डावीकडे किती. एका जरी बाजूला दहा भरल्या नाहीत तर तडक यायचं.

काय सांगू ते दिवस! उजवीकडचा दांडगट, सकाळी नऊलाच दहा मारून मोकळा. डावीकडची मात्र हळूच, कोणी संकोचून कडी वाजवावी तशी. तिच्या दहा व्हायला संध्याकाळ व्हायची. मी श्वास रोखून वाट बघायचे. हे माझ्याच पोटात चाललंय, यावर विश्वास बसायचा नाही.

आठव्या महिन्यात, एका रविवारी, माझं डोहाळजेवण ठरलं. घरातच, अर्धा तास, बसल्या बसल्या — एवढ्याला बाईंची परवानगी होती. नऊ वर्षं ज्यांनी मला दुसऱ्यांच्या ओटीला हात लावू दिला नाही, त्या सगळ्या बायका येणार होत्या.

शुक्रवारी डावीकडे तीनच भरल्या.

"काय गो, धा भरले मा?" सासूबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. वहीत दहा लिहिलं. शनिवारी — एकही नाही. तरी दहाच लिहिलं. रविवारीही तेच.

खरं सांगितलं असतं तर? तर लगेच भरती केलं असतं, आणि हिरवी साडी पेटीतच राहिली असती. एवढंच. हो, एवढ्यासाठीच.

सोमवारी नेहमीच्या तपासणीला गेले, आणि तपासताना बाईंचा चेहरा उतरला. तासाभरात ऑपरेशन. आधी मुलगा आला, रडतच. मग ती — निळी, ओंजळीत मावेल एवढी. आणि तीही रडली! अजून अंगावर काटा येतो. बाईंनी वही चाळली, म्हणाल्या, "इतकी चोख वही कोणी ठेवत नाही हो." मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला.

चालायला लागल्यापासून ती डावा पाय ओढत चालते. आत प्राणवायू कमी पडला, म्हणाले. आज ती पार्ल्यातल्या शाळेत शिकवते, तीन जिने चढते, आणि सगळ्यांना कौतुकाने सांगते — आईने माझी एकेक लाथ मोजलीय.

दोन दिवस ती आत गप्प पडून होती. कशाच्या बळावर तगली? एवढासा जीव, आणि केवढी त्याची चिकाटी! मी त्या वेळी फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसले होते, बायका गाणी म्हणत होत्या — आणि उभ्या आयुष्यात मी तेव्हाइतकी सुखी कधीच नव्हते.