गायिकेची एकुलती एक टेप

नोकरीतल्या बऱ्याच केसेस फाइलबरोबर मिटल्या. ही मात्र आजही मनात उघडीच आहे. गावच्या शाळेत शिकून घरातला पहिला पदवीधर झालो, पुढे अमेरिकेत आलो आणि डॅलसजवळच्या एका शहरात पोलीस झालो. त्या खात्याचे माझ्यावर उपकार आहेत. माझी मोठी चूकही तिथलीच.

तक्रारदार पंचाऐंशीच्या घरातल्या एक आजी. रॉक अँड रोल नवं होतं तेव्हा त्या गिटार घेऊन टेक्सासभर नाचाच्या हॉलमध्ये गायच्या. रेकॉर्ड कधी निघालीच नाही, लोक विसरले. विशीतला आवाज उरला होता एका छोट्या रिळावर, आणि तेच कपाटातून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. आजींची देखभाल करणारी बाई जुन्या रेकॉर्डच्या दुकानात टेपची चौकशी करत होती म्हणे. तिला जबाबासाठी बोलावलं आणि दोन तास तेच प्रश्न फिरवून विचारले.

"टेप वाजवायचं मशीन शोधत होते. आजींना स्वतःचा आवाज ऐकायचा होता."

"मग टेप कुठे आहे?"

"ते माहीत असतं तर मी इथे बसले असते का?"

मला ते उद्धट वाटलं. चौकशीचं कळताच तिला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीने तिला लगेच थांबवलं. गुन्हा दाखल झाला असता तर असं काम तिला पुन्हा मिळालं नसतं.

पुरवणी जबाबासाठी आजींकडे गेलो. ओट्यावर स्टीलचा डबा होता, आत दोन संत्री.

"शेजारच्या काकूंचा," आजी म्हणाल्या. "डबा रिकामा परत करायचा नाही, त्यांनीच शिकवलंय."

"आणि घरात काहीच नसेल तर?"

"मागच्या आठवड्यात नव्हतंच काही..." त्या थांबल्या. पुढचं त्यांना आठवेना.

माझी आई शेजारणीच्या वाटीत निदान चमचाभर साखर तरी घालून पाठवायची. मी शेजारचं दार वाजवलं.

"अय्या, मराठी पोलीस!" गणवेशावरचं माझं आडनाव वाचून काकू म्हणाल्या. त्या पुण्याहून मुलाकडे आलेल्या. "चोरी कसली? मी खीर दिली, तिने त्याच डब्यात हे रीळ घालून दिलं. माझा नातू म्हणाला, इट्स ट्रॅश, कचऱ्यात टाक. म्हणून देवघरात ठेवलं. तिथे तो हात लावत नाही."

मी स्वतः एजन्सीत जाऊन लेखी खुलासा दिला. ती बाई कामावर परतली, मशीनही तिनेच मिळवलं. टेपवर आधी कोणीतरी हसलं, मग एक भरधाव आवाज सुटला. आजी कान देऊन ऐकत राहिल्या.

"किती घाई आहे या पोरीला!" त्या म्हणाल्या.

बाहेर मी त्या बाईची माफी मागितली.

"दोन तास मला विचारलंत," ती म्हणाली. "मी मशीन मागत होते की टेप विकत होते, हे दुकानदाराने दोन मिनिटांत सांगितलं असतं."

दुकान ठाण्यापासून तीन सिग्नलवर होतं. पुढे निवृत्तीपर्यंत प्रत्येक तपासात संशयिताचं म्हणणं एकदा ऐकून मी आधी ते जाऊन पडताळलं, मगच समोर बसवून पुढचे प्रश्न विचारले. ही शिस्त मला अकादमीने शिकवली होती. लागली मात्र त्या बाईमुळे, आणि माझ्या या शिस्तीची किंमत तिने मोजली.