आपट्यापाशी वाजलेली शिट्टी

सत्काराची ती शाल मी मोरीपुढं पायपुसणं म्हणून टाकलीय. येणारा-जाणारा म्हणतो, अहो, नवी कोरी शाल! मी म्हणते, पुसा पाय, खुशाल पुसा.

आमचे हे फौजेतून पेन्शनवर आले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून यांनी कॉट धरली. तोंड भिंतीकडं. विचारलं तर "हं", न विचारलं तर तेही नाही. सांगलीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनाचं दुखणं आहे, गोळ्या चालू ठेवा आणि जमेल तसं झाडांत, माणसांत न्या. तेवढ्यात गल्लीतल्या कुणीतरी एका आरोग्य मंडळाच्या वनफेरीचं सांगितलं. रविवारी जाणकार माणसाबरोबर डोंगरातल्या जंगलात जायचं, हळूहळू चालायचं, गप्प राहायचं, मन हलकं करायचं. म्हटलं, गप्प राहायचं तर यांना जमेलच! मंडळाच्या अध्यक्षांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते एवढ्यासाठीच की यांना कुणी घाई करू नये. आदल्या संध्याकाळी यांनी आपणहून बूट बाहेर काढले आणि पॉलिश करत बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसले.

डोंगराच्या पायथ्याशी बघते तर मांडव! बॅनर, स्पीकर, खुर्च्यांना पांढरे झगे. प्रमुख पाहुणे यायचे होते, म्हणून ऊन तापेपर्यंत आम्ही बसून. स्पीकरवर शांततेचं महत्त्व चाललेलं आणि पाखरं कधीच पळालेली. भडंगाच्या रिकाम्या पिशव्या करवंदीच्या जाळीत कोंबून बाया त्याच जाळीपुढं फोटो काढत होत्या. शी! पाहुणे आले, त्यांनी फीत कापली. जंगलाला फीत! मग एकदाची फेरी निघाली.

चढावर आम्ही दोघं मागं पडलो. एका झाडापाशी हे थांबले. खोडावर हात ठेवला.

"आपटा हाय गं."

न विचारता बोलले! हात तसाच खोडावर होता.

"धाकटा आन् मी दसऱ्याला..."

तेवढ्यात शिट्टी वाजली. वरून सगळा घोळका खाली यायला लागला. "चला, चला, मागं फिरा! सत्कार राहिलेत, पाहुण्यांना दुसरीकडं जायचंय!" यांनी हात काढून घेतला.

आमच्याकडं सत्काराशिवाय कुठलंच काम तडीला जात नाही. पाण्याची टाकी झाली, सत्कार. पोरगी बारावी झाली, सत्कार. इथं पाहुण्यांचा झाला, मांडववाल्याचा झाला, आणि मग अध्यक्ष स्पीकरवर म्हणाले, "आता आपले फौजी काका! डिप्रेशनचे पेशंट असूनही ते आज आपल्यात आले. जोरदार टाळ्या!"

हे उठले आणि सावधानमध्ये उभे राहिले. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, बाया मोबाईल धरून पुढं सरकल्या. अध्यक्षांच्या तोंडावर खरोखरचं कौतुक होतं. त्याचीच मला जास्त किळस आली. चारचौघांत माणसाला उघडं केलं, आणि या अध्यक्षांना वाटतंय आपण त्याला मान दिला!

घरी येताना गाडीत यांनी एकच विचारलं, "तू सांगितलंस व्हय?"

मी होकाराची मान हलवली. दुसरं काय करणार?

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावाकडं पोचला. नणंदेचा फोन आला, आवाज हा मोठा. "वयनी, दादाला येड लागलंय व्हय गं? समद्या गावानं बघितलं!" हे शेजारच्या कॉटवरच होते. उठले, बूट पिशवीत घालून माळ्यावर टाकले आणि परत येऊन पडले.

आठवड्यानं अध्यक्षांचा फोन. पुढच्या फेरीला काकांचं मनोगत ठेवू या म्हणे, लोकांना प्रेरणा मिळते. "मुडदा बशिवला तुमच्या मनोगताचा!" मी म्हणाले आणि फोन आपटला.

आता रोज चहा देताना मी विचारते, "आवं, दसऱ्याला काय करायचा तुमी दोघं?"

भिंतीकडं तोंड करूनच म्हणतात, "काय न्हाई."