पाकिटावर नाव लिहू नका

"हिचं मत घेता येणार नाही," देवधरकाका म्हणाले. "मेंबर हिचा नवरा. तो तर पुण्याला परत गेला."

वृषाली टेबलासमोर उभी होती, हातात पासचं, म्हणजे इथे राहून नोकरी करायच्या परवान्याचं, कार्ड, मागे रांग. सिंगापूरच्या हौगांगमधला हॉल, इथल्याच एका मराठी मंडळाची निवडणूक. देवधरकाका मंडळाचे सेक्रेटरी. मंडळाचं नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

माझी नोकरीच निवडणुका घेण्याची. पाया लेबारला आमचं छोटं ऑफिस आहे. कॉन्डोच्या कमिट्या, क्लब, मंडळं यांना मतदानासाठी बाहेरचा माणूस लागतो, कारण आतल्यांचा एकमेकांवर विश्वास नसतो. त्याआधी पुण्यात कॉलेजला असताना मी पत्रकं लिहायचे आणि चौकात उभी राहून वाटायचे. तिथे लागलेली एक सवय अजून सुटलेली नाही. कोणी 'नियमात बसत नाही' म्हटलं की मी नियम बघायला मागते.

"काका, नियम दाखवा."

"अगं, कुटुंब-सदस्यत्व त्याच्या नावावर आहे. त्याची नोकरी गेली, पास गेला, तो गेला. सदस्यत्व राहिलं कुठे?"

"मी राहिले ना इथे!" वृषाली म्हणाली. "माझी नोकरी आहे, माझा पास आहे. गणपतीत मोदक वळायला मी मेंबर, आणि मताला नाही?"

रांगेत कोणीतरी हसलं. काका नाही हसले.

अशा वेळेसाठी आमच्याकडे प्रोव्हिजनल बॅलट असतं. मतदार पात्र आहे की नाही अशी शंका आली तर त्याला हाकलायचं नाही. मत देऊ द्यायचं आणि बाजूला ठेवायचं. घडी केलेली मतपत्रिका एका कोऱ्या पाकिटात जाते, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात. बाहेरच्या पाकिटावर नाव आणि शंका काय ती. मतदान संपलं की आधी शंकेचा निकाल. पात्र ठरली तर मत पेटीत, नाही तर पाकीट न उघडताच बाद. एवढी खटपट कशाला? कारण बाजूला ठेवलेलं मत नंतर मोजता येतं. दारातून परत पाठवलेला माणूस पुन्हा येत नाही.

अध्यक्षपदाला दोघं उभे होते, नीलिमाताई आणि पराग. पराग म्हणजे वृषालीचा हार्बरफ्रंटच्या ऑफिसातला मॅनेजर. ऑफिसात 'पराग', मंडळात 'परागदादा'. तिच्या कॉन्ट्रॅक्टवर त्याचा शेरा चालतो, आणि कॉन्ट्रॅक्ट गेलं की पासही जातो. नवरा परत गेल्यापासून मुलीची शाळा, फ्लॅट, सगळं त्या एका पासवर.

पाकिटं घेताना तिने हळूच विचारलं, "मी कोणाला दिलं ते त्याला कळणार नाही ना?"

"कोणालाच कळणार नाही," मी म्हटलं. शब्द देऊन मोकळी झाले.

मतदान संपलं. काका, दोन्ही उमेदवार आणि मी टेबलाभोवती बसलो. शंकेचं पाकीट दिवसभरात ते एकच. मंडळाची घटना उघडली. कुटुंब-सदस्यत्वात 'सिंगापूरमध्ये राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला एक मत' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"बसतंय," ते म्हणाले.

मी बाहेरचं पाकीट फाडलं आणि कपाळाला हात लावला. आतल्या, कोऱ्या राहायच्या पाकिटावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'श्री. व सौ. कुलकर्णी'. पाकीट हातात आलं की नाव घालायचं, ही लग्नामुंजींत आहेर देऊन देऊन मुरलेली सवय. त्यातही पहिला नवरा. तो पुण्यात, मत हिचं, तरी पहिला तोच.

"बाद," पराग लगेच म्हणाला. "नाव आलं, गुप्तता गेली."

"नाव पाकिटावर आहे. बाद करायचा नियम मतपत्रिकेवरच्या ओळखीच्या खुणेचा आहे. मतपत्रिका अजून कोणी बघितलेली नाही."

"बरं. मग हे एक मत वेगळं मोजू. सगळ्यांसमोर. ट्रान्स्परन्सी."

"एकच मत वेगळं मोजणं म्हणजे तिचं मत वाचणं. नाही जमणार."

"बाळ, हे तुझं कॉलेज नाही. आम्ही क्लायंट आहोत."

"क्लायंट मंडळ आहे. तुम्ही उमेदवार आहात."

"पुढच्या वेळी दुसरी कंपनी बघू."

"अवश्य बघा. आजची निवडणूक मी घेतेय."

 मत आपल्यालाच असणार या हिशेबाने नीलिमाताईंनाही ते वेगळं मोजलेलं चाललं असतं. तत्त्वबित्त्व दोघांनाही पडलेलं नव्हतं.

मी माझ्या बॉसला फोन लावला, स्पीकरवर. तिने सगळं ऐकून घेतलं. "रूल इज रूल, लाह," ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "बट बी पोलाइट, कॅन?"

पहिलं मला जमलं.

पेटी अजून उघडलेली नव्हती. मी पाकिटाची कड फाडली, ते फटीवर उलटं धरलं, घडी न उलगडता मतपत्रिका आत सोडली. मग पेटी उचलून गदागदा हलवली, तळाशी गेलेले शेंगदाणे वर यावेत म्हणून चिवड्याचा डबा हलवतात तशी.

"आता ओळखा," मी म्हटलं.

पराग आरामात निवडून आला. हेही सांगायलाच हवं. एका मताने काही फिरलं नाही, आणि ते फिरावं म्हणून मी भांडलेही नव्हते. वृषालीने नंतर सांगितलं, सोमवारी ऑफिसच्या पँट्रीत त्याने तिला गाठलं. "काय मग, मत आपल्यालाच ना?"

"पेटीत दिलं, परागदादा," ती म्हणाली आणि कॉफी घेऊन जागेवर गेली. त्याला अजून माहीत नाही. मलाही नाही. तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं.

मंडळाने खरंच दुसरी कंपनी घेतली. आम्ही आतल्या पाकिटांवर आता सूचना छापून घेतो. इंग्रजीत एकच ओळ आहे, नाव लिहू नका. मराठी मंडळांसाठी मी खाली आणखी एक टाकली आहे: हा आहेर नाही.