धुळ्याचं मशीन चाली राहिनं!

जळगावात राहून कपडे वाळवायला यंत्र विकत घेणारा माणूस बहुधा मी एकटाच असेन. आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात दुसरा कपडा दोरीवर टाकेपर्यंत पहिला वाळलेला असतो. (तिसरा टाकायला थांबलात तर तुम्हीही वाळता.) तरीही मी धुणारं आणि वाळवणारं, दोन्ही कामं करणारं मशीन आणलं. तेही जुनं. तेही धुळ्याहून.

कारण मात्र खरं होतं. माझी बायको उज्ज्वला हिचं उजवं मनगट दिवाळीपासून दुखत होतं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि बजावलं, "कपडे पिळायचे नाहीत." मी लगेच म्हणालो, "मी पिळीन." चार दिवस पिळले. पाचव्या दिवशी मी पिळलेली चादर गॅलरीत वाळत घातली, आणि खालून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी पाऊस आला म्हणून गाडी आडोशाला लावली. त्याच संध्याकाळी ठरलं, मशीन घ्यायचं.

दुकानात गेलो. वरून कपडे टाकायचं साधं मशीन परवडत होतं. पुढे गोल काचेचं दार असलेलं, कपडे कोरडे करूनच हातात देणारं मशीन परवडत नव्हतं. साहजिकच मला तेच आवडलं.

"अहो, साधं घ्या," उज्ज्वला म्हणाली.

"थांब. जुनं बघतो. साध्याच्या किमतीत भारी मिळेल."

माझी आई, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती मूळची अमळनेरकडच्या खेड्यातली. तिने एवढंच विचारलं, "वाळाडाले मशीन कसाले रे? जयगावना ऊनले काय व्हयनं?"

मी मोबाईलवर जुन्या मशीनच्या जाहिराती बघत बसलो. तीन आठवड्यांनी धुळ्याचं एक मशीन सापडलं. देवपूरमधले एक नाना मुलीकडे कायमचे पुण्याला निघाले होते. मशीन अगदी नव्यासारखं. मी बघितलं, काचेत माझाच चेहरा दिसला, व्यवहार झाला. नानांनी न्यायच्या तयारीसाठी मशीन बांधूनसुद्धा ठेवलं होतं.

"सर, एक सांगतो," नाना म्हणाले, "मागे चार बोल्ट लावलेत. घरी गेल्यावर ते आधी..."

"नाना," मी हसून म्हणालो, "मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. तेवीस वर्षं."

"असं होय!" नाना आदराने गप्प झाले. माणसाने इतक्या लवकर आदर करू नये!

धुळ्यात केळी उतरवून फैजपूरला रिकामा परतणारा एक पिकअपवाला भेटला. त्याने मशीनच्या चारी बाजूंना केळीची पानं कोंबली आणि वरून दोरी आवळली. जळगावला आमच्या गल्लीत गाडी थांबली तेव्हा समोरच्या वहिनींनी विचारलं, "सर, सत्यनारायण आहे का?"

मशीन बसवायला माणूस बोलवायचं उज्ज्वला म्हणत होती. पण पाण्याची नळी नळाला लावायची आणि पिन बोर्डात घालायची, यात माणूस कशाला? बाथरूमबाहेरच्या बोळात मशीन बरोब्बर बसलं. मागून बघितलं, तर नानांनी सांगितलेले चार लांबलचक बोल्ट. त्यातला एक जरासा ढिला होता. प्रवासात झाला असणार. मी पाना आणला आणि चारही बोल्ट असे आवळले, असे आवळले, की शेवटच्या बोल्टला माझ्या तोंडातून आवाज आला.

हे सगळं शनिवारी. आणि रविवारी अकरा वाजता धुळ्याहून पाहुणे येणार होते.

आमची मुलगी प्राची पुण्याला नोकरी करते. तिचं आणि निखिल नावाच्या मुलाचं आपापसात ठरलं होतं. आता तो आईवडिलांना घेऊन रीतसर घर बघायला येत होता. निखिलचे वडील भाऊसाहेब म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले हेड मेकॅनिक. त्यासाठी घरी आलेल्या प्राचीने मला वेगळं बोलावून सांगितलं, "पप्पा, त्यांना व्यवस्थित माणसं आवडतात. तुम्ही फक्त बसा. जास्त काही करू नका."

मी जास्त काही केलं नाही. फक्त पाहुण्यांसमोर घरात मशीन चालू दिसावं, म्हणून साडेनऊला दोन सोलापुरी चादरी, दिवाणावरची सतरंजी आणि माझी कालची पँट, असं सगळं मशीनमध्ये घातलं, बटण दाबलं आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेलो.

बराच वेळ सगळं छान चाललं होतं. बाहेरून घूं घूं आवाज येत होता. मी साबण लावून गाणं म्हणत होतो. मग घूं घूंचं धाड धाड झालं. भिंतीवरची साबणाची डबी नाचायला लागली. मला वाटलं, मशीन पिळतंय, जोरात पिळतंय. पैसे वसूल!

तेवढ्यात बाहेरून अक्का ओरडली, "शाम! मशीन चाली राहिनं रे!"

"चालू दे अक्का! चालवायलाच आणलंय!"

"आरे तसं नही! पाय फुटनात त्याले! मन्हा मांगे ई राहिनं!"

मी तांब्या खाली ठेवला. बाहेर धाड, धाड, धाड असा आवाज पुढे पुढे सरकत आला. फरशीवर काहीतरी घासलं. फट्कन नळी सुटल्याचा आवाज, मग पाण्याची चिळकांडी, मग उज्ज्वलाची किंकाळी, मग पिन बोर्डातून निघाली आणि एकदम शांतता.

मी दार ढकललं. आमच्या बाथरूमचं दार बाहेर उघडतं. ते दोन बोटं उघडलं आणि थांबलं. फटीतून मला गोल काच दिसली. आत माझी पँट होती.

"उज्ज्वला, मशीन जरा मागे ओढ!"

"कोणत्या हाताने?" तिने डाव्या हाताने नळ बंद करत विचारलं.

तिचंही बरोबर होतं. मग प्राचीने ओढून बघितलं, अक्काने काठी घालून बघितली. मशीन दार आणि समोरची भिंत यांच्यात पाचरीसारखं बसलं होतं, आणि आत पाण्याने भिजलेल्या सोलापुरी चादरी! जागचं हलेना.

"शेजारून कोणाला तरी बोलवा!" मी म्हणालो.

आणि बेल वाजली.

"बघ, शेजारी आले!"

शेजारी नव्हते. धुळ्याची माणसं होती. एक तास आधी! रस्ता मोकळा मिळाला म्हणे.

मी आत बादलीवर बसून सगळं ऐकत होतो. या बसा, प्रवास कसा झाला, पाणी घ्या. मग भाऊसाहेबांचा भारदस्त आवाज: "सर दिसत नाहीत?"

प्राचीने पंखा मोठा केला, उज्ज्वला पोह्यांचं बघायला गेली. शेवटी अक्काने खरं ते सांगितलं. "तो बाथरूमना मझार शे. मशीननी कोंडी टाकं त्याले."

पावलं बोळात आली. पाण्यात चपचप वाजली. मी उभा राहिलो, टॉवेल नीट केला आणि फटीतून म्हणालो, "नमस्कार. मी मुलीचा बाप."

"नमस्कार," बाहेरून उत्तर आलं. "काही लागलं-बिगलं का?"

"नाही, नाही. तुम्ही बसा. चहा घ्या."

"चहा राहू द्या. सर, मागचे चार बोल्ट काढले होते ना?"

"काढायचे असतात?"

"ते फक्त नेण्या-आणण्यापुरते असतात. ड्रम हलू नये म्हणून. तसंच चालवलं तर ड्रमऐवजी अख्खं मशीन हलतं. काढले होते का?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "एक ढिला होता," मी म्हणालो. "मी चारही आवळले."

मग भाऊसाहेबांनी हळू आवाजात प्राचीला विचारलं, "सर काय शिकवतात म्हणालीस?"

"फिजिक्स," प्राची म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. मशीन गेलं खड्ड्यात. पोरीने एकच गोष्ट सांगितली होती, जास्त काही करू नका.

भाऊसाहेबांनी शर्ट काढून खुंटीला लावला. मशीन एका बाजूने कलतं केलं, निखिलने खाली ओलं गोणपाट सरकवलं, आणि बापलेकांनी "हां, अजून, हां!" करत ते धूड वीतभर मागे ओढलं. फटीतून उज्ज्वलाने कपडे दिले. घाबरून तिने हाताला येईल ते उचललं होतं. त्यामुळे आमच्या लग्नातला सिल्कचा झब्बा आणि खाली पट्टेरी पायजमा, या वेषात मी पाहुण्यांसमोर प्रकट झालो. पाहुणे बनियनवर होते!

पोहे निवत होते, पण भाऊसाहेब ऐकेनात. त्यांनी फरशीवर बसून चारही बोल्ट काढले, मशीनचे पाय स्क्रूसारखे फिरवून ते सरळ उभं केलं, नळी बसवली, पुन्हा सुरू केलं. आम्ही सगळे बोळात ओळीने उभे राहून बघत होतो. मशीन जागेवर राहिलं. अर्ध्या तासाने उज्ज्वलाने दार उघडून एक चादर डाव्या हाताने बाहेर काढली, दाबून बघितली. एक थेंब पडला नाही. ती चादर छातीशी धरून उभी राहिली. मनगटाचा पट्टा तसाच होता. मी दुसरी चादर काढायला पुढे झालो.

मग पोहे झाले, चहा झाला. मी खाली मान घालून बसलो होतो. भाऊसाहेब हात पुसत म्हणाले, "सर, खरं सांगू? मोठ्या शिकलेल्या माणसांकडे जायचं, काय बोलायचं, या काळजीने मी रात्री जेवलो नव्हतो. आता काही काळजी नाही."

निखिलची आई हसली. प्राचीही हसली. सुपारी त्याच दुपारी फुटली.

लग्न फेब्रुवारीत झालं. व्याहीभेटीत भाऊसाहेबांनी मला मिठी मारली आणि कानात सांगितलं, "यापुढे घरात नवं काही आणलं तर आधी मला फोन करायचा. माझ्याशी बोलणं झाल्याशिवाय आंघोळीला जायचं नाही."

मी शब्द दिला. मार्चअखेरीस ऊन तापलं, तेव्हा कुलर आणला आणि लगेच फोन लावला. लागला नाही. भाऊसाहेब कुठल्याशा यात्रेला गेले होते. पण शब्द म्हणजे शब्द! मी टॉवेल खुंटीवरच ठेवून वाट बघितली. तिसऱ्या दिवशी वर्गात शिरलो, तर पुढचे चार बाक रिकामे आणि मागे एकेका बाकावर पाच-पाच मुलं. तेवीस वर्षांत इतक्या शांतपणे माझा तास कोणी ऐकला नव्हता. नंतर कळलं, मुलं श्वास रोखून बसली होती.