पाच मिनिटांची मुदत

माझ्या नवऱ्याच्या, प्रशिकच्या, कामाचा मला मनापासून राग आहे. उमरेडला एका कोळसा वाहतूकदाराच्या ऑफिसात सर्व्हर आहे. मशीन एकच, पण तिच्या पोटात पाच-सहा मशिनी चालतात: एकीवर ट्रकांचा वजनकाटा, एकीवर बिलं, एकीवर पगार. प्रशिक सक्करदऱ्याच्या आमच्या घरातून, जेवणाच्या टेबलावरून ती सांभाळतो. नेटवर्कमध्ये बदल करायचा म्हटलं की तो धास्तावतो, कारण ज्या रस्त्याने तो आत शिरतो तोच रस्ता उकरायचा असतो. चुकलं तर आत शिरायची वाटच बंद; मशीन तिकडे, आणि हा उमरेडच्या एसटीत.

माझे सासरे धोंडबा, मी त्यांना मामाजी म्हणते, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा हुकलं, ते त्या एसटीपायीच. जन्मभर हातमागावर बसलेला माणूस आता ताटातली भाजी चाचपून ओळखतो. मी नेते म्हटलं तर म्हणतात, पोरगाच नेईल. दवाखान्याला घाबरतात, पण कबूल करतील तर शपथ.

दुसऱ्यांदा हुकलं तेव्हापासून प्रशिकने एक शिस्त लावून घेतली. बदल करण्याआधी मशीनलाच सांगून ठेवायचं: पाच मिनिटांत मी आत येऊन 'ठीक आहे' म्हटलं नाही, तर जुनं होतं तसं लाव.

त्या सकाळी ऑपरेशनची तिसरी तारीख होती. मामाजी इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसले होते. तेवढ्यात मालक गणपतरावांचा फोन आला. दुसरा काटा सुरू करायचाय, नवं नेटवर्क आत्ताच हवं. प्रशिकने मुदत लावली, बदल केला आणि स्क्रीन थिजली. तो डोकं धरून बसला. त्याच्या चहावर साय धरली. मुदत सरली तशी मशीनने मुकाट्याने जुनं लावून घेतलं आणि काटा पुन्हा चालू झाला. नवी केबल भलत्याच जागी लावलेली असावी, ते तिथे जाऊनच कळेल, असं त्याने फोनवर सांगितलं. मग पहिली एसटी पकड, असं गणपतरावांचं म्हणणं.

प्रशिक डोळे मिटून ऐकत होता. मग थकलेल्या आवाजात म्हणाला, "भाऊ, ट्रक चालून राहिले ना? मग मी परवा येतो. आज बाबाले दवाखान्यात न्यायचं आहे."

गणपतरावांनी धुसफुसत फोन ठेवला. नोकरीचं काय होईल देव जाणे, पण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दाराकडे पाहिलं तर मामाजी नव्हते. आतल्या खोलीत पिशवी खुंटीला परत लागली होती, सदरा घडी घालून ठेवला होता, आणि ते बनियनवर पलंगावर बसले होते. उमरेडचा फोन आला की आपण उठून आत जायचं, ही सवय त्यांना आम्हीच लावली होती.

"बाबा, सदरा काहून काढला?" प्रशिकने विचारलं.

"तू चालला असशील उमरेडले. मी उगाच ताटकळून काय करू?"

प्रशिकने सदरा उचलून त्यांच्या अंगात घातला आणि खाली बसून एकेक बटण लावू लागला. शेवटच्या बटणाशी मामाजींनी त्याचा हात धरला.

"मले भेव लागते गा," ते म्हणाले. "पट्टी सोडतील तवा तू तिथं राहशील?"

प्रशिकने खिशातला फोन काढला, बंद केला आणि माझ्या हातात दिला.