कोपराने पाहिलेलं पाणी

मावशी आधी उजवी बाही वर सरकवायच्या, मग टबात कोपर बुडवायच्या. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात ना, तसं. मग म्हणायच्या, "चालंल." नाहीतर, "आज नाय." बोलेपर्यंत पाय पुढच्या टाकीकडे वळलेले असत. त्यांना बसलेलं मी पाहिलं ते फक्त डबा खाताना, तेही उकिडवं.

तुडीलजवळच्या त्या मत्स्यशेतीवर त्या जुन्या, मी नवीन. आमच्या घरातली पहिली पदवीधर. बोटाएवढ्या पिल्लांच्या अंगावरचे किडे मरावेत म्हणून त्यांना अर्धा तास फॉर्मॅलिनच्या पाण्यात ठेवायचं, हे माझं काम. पाणी गरम असलं की तेच औषध माशांना जास्त बाधतं, पाण्यातला प्राणवायूही कमी होतो, हे मला पाठ होतं. मावशी हसून म्हणायच्या, "मॅडमना समदं पाठ हाय."

आधीची पिल्लं मेली होती. हीही गेली तर तळी बुजवून टाकीन, असं शेठनी आम्हां दोघींना सांगितलं होतं. त्या धास्तीने मला थांबवेना. मार्चमधली दुपार, मावशी डबा खायला गेलेल्या. मी तळ्यात थर्मामीटर धरला, आकडा बरा होता, त्यावरून औषध मोजलं. टब मात्र भरला काळ्या पाइपाने. तो नदीपासून कातळावरून येतो, दिवसभर उन्हात तापतो.

पाचव्या मिनिटाला पिल्लं वर येऊन तोंडांची उघडझाप करू लागली. मी घड्याळ बघत होते. पुस्तकात अर्धा तास लिहिला होता.

मावशी खरकट्या हाताने धावत आल्या. डावं कोपर बुडवलं.

"काढ गो, काढ. शिजतायत ती."

त्यांनी मला गो म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. जाळ्याने आम्ही पिल्लं सावलीतल्या टाकीत हलवली. काही गेली, बरीच तगली.

शेठनी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "पाइपाचं माझ्या ध्यानात नाय राह्यलं." मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या हातात जाळं दिलं. "धू हे." शेठ त्यांनाच बोलले. संध्याकाळपर्यंत त्यांनी नदीपासून टाकीपर्यंत अख्ख्या पाइपावर पेंढा अंथरला होता.

गेल्या पावसाळ्यात मावशी तापाने गेल्या.

उन्हाळ्यात पाइपावर आता मी पेंढा घालते. थर्मामीटर टबातच धरते, आकडा लिहून घेते. तरी बाही वर जातेच. कोपर पाण्यात घालून उभी राहते, मागून "चालंल गो" ऐकू येईल म्हणून. थोडा वेळ वाट बघते. मग मीच ते म्हणते, आणि औषधाच्या बाटलीचं झाकण उघडते.