मधल्या सुट्टीतलं तीर्थ

“आमच्यात कुणाला नाही हो तसलं काही,” असं म्हणताना ती आधी मागे वळून बघायची. मागे कुणी नसलं तरी. दमा हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

चौलजवळच्या आमच्या शाळेत तिची मुलगी पाचवीत, मी शिकवायचे त्याच वर्गात होती. घरची सुपारीची वाडी, दारात सोनचाफा, हात सढळ. “माळा हो बाई, कोमेजतील,” म्हणत ओंजळभर फुलं द्यायची.

रोज मधल्या सुट्टीत यायची आणि लेकीला पाण्याच्या टाकीमागे न्यायची. विचारलं तर म्हणे, “देवळातलं तीर्थ देते. नवस आहे.” झालं! काय ती भक्ती म्हणून आम्ही तिचे गोडवे गायचो. तुम्हीही गायला असतात.

एकदा अलिबागहून येताना तिची एसटी वाटेत बंद पडली. इकडे मैदानात पोरगी धापा टाकायला लागली. ओठ निळसर, शब्द धड फुटेना. “आईचं... आईचं...” मैत्रिणी ओरडल्या, “बाई, तिला तीर्थ लागतं!” आणि आमचा शिपाई तांब्या घेऊन देवळाकडे धावला. हसू नका. मीही त्या तांब्याचीच वाट बघत होते.

तांब्याआधी ती पोचली, रिक्षातून. पिशवीतून दम्याचा निळा पंप काढला, सगळ्यांदेखत. पोरीला जरा श्वास घेता आला तशी त्याच रिक्षातून आम्ही दवाखाना गाठला.

तिथे मी तोंड सोडलं. “अहो, गेली असती ना पोर!”

“माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं हो यापायी. उद्या हिला कोण करून घेईल?”

“पाचवीत आहे ती!”

“दिवस काय, भराभर जातात बाई.”

डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून तीन रंगांचा कागद करून दिला. हिरवं म्हणजे त्रास नाही, खेळू द्या. पिवळं म्हणजे खोकला, छातीत शिट्टी. पंप द्या, बसवा. लाल म्हणजे पंप देत दवाखान्यात पळा. एक पंप माझ्या टेबलाच्या खणात राहिला, बिनकुलपाचा. वर्गाने रंग पाठ केले. एका दुपारी शेजारच्या वाडीत झावळ्या पेटवल्या, धूर वर्गात शिरला. पोरगी खोकली, आपणहून उठली, पंप घेतला, बसली आणि थोड्या वेळाने गणित सोडवायला लागली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पण रंग पाठ केलेली पोरं घरी बोलणारच. हळदीकुंकवात कुणीतरी तिला विचारलं, “तुमच्या हिला दमा ना गं?” ती वाण न घेताच उठली. आठवड्याभरात शाळेचा दाखला मागायला आली. नवरा पनवेलला नोकरीला होता, आता बिऱ्हाड तिकडेच.

“नव्या शाळेत सांगा हो,” मी हात जोडले.

“सांगेन. आधी ओळखीपाळखी होऊ देत.”

आज संध्याकाळी मी फोन केला. शाळा कुठली विचारलं.

“मोठी आहे हो. छान आहे.” नाव काही सांगेना. मी रागावले, मग विनवलं. तेवढ्यात मागून लेकीचा खोकला आला. एकदा, मग लागोपाठ.

“जरा सर्दी आहे,” म्हणत तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

सर्दी कसली! पिवळं होतं ते. उद्या ती पोर कुठल्याशा वर्गात जाऊन बसेल, आणि तिथल्या बाईंना काही म्हणजे काही ठाऊक नसेल.